राजाची उडी

१९७०च्या सुमारास लंडनमधल्या ईलिंगच्या चेस क्लबात एक गृहस्थ मला दर गुरुवारी भेटायचे. मूळचे मुंबईचे बेने इस्रायली ज्यू, मराठी स्वच्छ. मी क्वीन म्हटलं की लगेच, "डॉक्टर, वजीर म्हणा. इराण, अरबस्तान करत युरोपात पोचेपर्यंत तो पुरुषच होता." मी हॉस्पिटलात हाडं जोडतो, पटावर मात्र माझीच मोडतात.

क्लबच्या संघात एकच जागा उरली होती. तिच्यासाठी त्यांचा डाव एका इंग्रज शाळामास्तरांशी लागला. जिंकत आले असताना त्यांनी राजा घोड्यासारखा उडवला. मास्तर म्हणाले, "हे चालत नाही." आमच्या गृहस्थांचा हात सवयीने घरच्या नियमावर गेला होता. आपल्याकडे पहिला शह बसेपर्यंत राजाला अशी एक उडी असते.

"मध्ययुगात तुमच्याकडेही होती," ते शांतपणे म्हणाले. "पुढे तिचंच राजा-हत्तीचं कॅसलिंग झालं."

पण हात लावलेलं मोहरं हलवायचंच, या नियमाने राजाच हलवावा लागला. डाव गेला, जागाही गेली. मी म्हटलं, "अहो, तक्रार करा."

"कशाला? नियम इथला," म्हणत त्यांनी मोहरे पुन्हा मांडले आणि मास्तरांना बसवून घेतलं. आता घरचे नियम. दहाव्या खेळीला मास्तरांनीच आपला राजा घोड्यासारखा उडवला.

"बघा डॉक्टर," ते मला हळूच म्हणाले, "आठवलं त्यांना."