नळीतला पांढरा ढग

मूत्रपिंडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कापसाचे बोंड आठवले. गुलाबी रंगवलेल्या त्या पातळ कापात केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गोल गुंता होता, त्याभोवती नाजूक कवच होते आणि दोहोंच्या मध्ये चंद्रकोरीसारखी मोकळी जागा. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, कविता पाठ असण्याच्या वयातली. पण त्या कोरीसमोर एकही ओळ ओठांवर आली नाही. पुढचे सारे आयुष्य मी त्या मोकळ्या जागेच्या काठाशी घालवले.

त्या काठावर एक चाळण आहे. रक्तातले पाणी आणि मीठ ती पलीकडे जाऊ देते. अंगाला हवे असलेले प्रथिन मात्र अडवून धरते. मधुमेह हळूहळू तिची वीण सैल करतो आणि प्रथिन लघवीतून निघून जाऊ लागते. दुखत नाही, खुपत नाही. माणूस जेवतो, हसतो, शेतात जातो आणि आत काहीतरी झिरपत राहते. झिरपणे नुकतेच सुरू झाले असेल तर औषधांनी त्याला आवर घालता येतो. उशीर झाला तर उरते ते डायलिसिसचे यंत्र. मधुमेही स्त्रियांमध्ये हा आरंभ वेळेत कसा ओळखावा, एवढाच माझ्या संशोधनाचा प्रश्न होता.

त्यासाठी आम्ही घाटंजीकडच्या एका गावात काम सुरू केले. वेचणीचे दिवस होते. रस्ताभर झाडांच्या फांद्यांना गाड्यांतून निसटलेला कापूस चिकटलेला असे आणि हवेत तुरीच्या फुलांचा कोवळा, किंचित हिरवा वास. ज्या घराच्या ओसरीवर आम्ही बसत असू तिथली सून मधुमेही होती. चाळिशी ओलांडलेली, घरच्या शेतात स्वतः कापूस वेचणारी, जिभेची तिखट. तिची मोठी बहीण आठवड्यातून दोनदा एसटीने यवतमाळला यंत्रावर जात असे. बहिणीच्या दंडावर डायलिसिससाठी धमनीला जोडलेली, फुगलेली शीर होती. तिच्यावर बोट ठेवले की आत मधमाशी अडकल्यासारखी गुणगुण जाणवे. एकदा हिने तिथे बोट टेकवले आणि चटका बसावा तसे मागे घेतले, हे तिनेच मला सांगितले होते. म्हणून प्रथिन शोधणाऱ्या आमच्या कागदी पट्टीवर तिची लघवी स्वच्छ निघाली तेव्हा ती ओसरीवरच मांडी घालून बसली.

पट्टीचे गणित सोपे आहे. प्रथिन नसेल तर ती पिवळीच राहते; असेल तर हिरवी होते. त्या गावात साऱ्याच पट्ट्या पिवळ्या राहिल्या. साऱ्याच बाटल्यांत ओढ्याच्या पाण्यासारखे नितळ काही. इतकी वर्षे साखर अंगात वागवणाऱ्या स्त्रिया, आणि गळती एकीलाही नाही. मी भारावून गेले. इथल्या ज्वारीत, इथल्या कष्टात चाळणीला सावरणारे काही असेल का, या विचाराने मला दिवसभर दुसरे सुचेना.

खात्रीसाठी नमुने पुन्हा घ्यायचे ठरले. त्या पहाटे मी ठरल्या वेळेआधीच पोचले. अंगण नुकतेच सारवलेले, शेणाचा गार ओला वास. चुलीपुढच्या उजेडात बायका ओळीने उकिडव्या बसल्या होत्या आणि घरची म्हातारी सासू तांब्या घेऊन एकेकीच्या पेल्यात पाणी ओतत होती.

"पे वं, अजून एक पे. पिवळंजर्द देता काय डॉक्टरीणबाईले?"

"आत्याबाई, आमी का बैलं आहो? पोट फुटंन आता," सून म्हणाली.

मला पाहून सगळ्या पदरात हसल्या. मी खाली बसले आणि विचारले, "सकाळची पहिली लघवी आणा म्हटलं होतं ना? ती कुठंय?"

"फेकली," सासू म्हणाली.

"का?"

"रातभराचं शिळं ते. शिळं पाहुण्याच्या हातात ठेवतात काय? आमी ताजं देतो तुमाले. मांगच्या खेपेलेबी ताजंच देल्लं होतं."

मला हवे होते ते शिळेच. रात्रभर साठलेल्या त्या पहिल्या लघवीत प्रथिन दाट असते. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायल्यावर ते इतके विरळ होते की पट्टीला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या नितळपणाने मी भारावले होते तो या घराचा पाहुणचार होता. आधीच भरून रांगेत मांडलेल्या बाटल्या चुलीच्या उजेडात स्फटिकासारख्या चमकत होत्या, आणि त्यांतली एकही मला काही सांगणार नव्हती.

मी समजावून सांगितले. सासूने ऐकून घेतले आणि म्हणाली, "शिळं मांगणारी पाहुणी पयलीच पाह्यली, माय."

सगळ्या खळखळून हसल्या. सून तेवढी हसली नाही. "माही तं साफ आली होती," ती म्हणाली. "आता पुन्हा कायले?"

दुसऱ्या सकाळी ती सर्वांत शेवटी आली. बाटली पदराखाली झाकलेली. मी पट्टी बुडवली. पिवळ्या चौकोनाच्या कडेने आधी पोपटी छटा आली आणि मग तो सारा हिरवा झाला.

"कागद हाय तो," ती म्हणाली. "ऊन लागलं असंन त्याले."

तेव्हा मी जुनी रीत काढली. काचनळीत तिचा नमुना घेतला आणि वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरला. आधी काठाशी बारीक बुडबुडे, मग काचेआड धुरासारखी एक रेघ, आणि बघता बघता पिवळसर पाण्याच्या माथ्यावर पांढरा ढग उतरला. अंड्याचा पांढरा बलक उकळत्या पाण्यात गोठावा तसा.

"अजून संपलं नाही," मी म्हणाले. "यात आंबट थेंब टाकते. ढग विरघळला तर काही नाही. राहिला, तर ते प्रथिन."

तिने नळी माझ्या हातातून घेतली नाही, पण तोंड इतके जवळ आणले की तिच्या श्वासाने काच धूसर झाली. मी थेंब सोडला. आम्ही दोघी पाहत राहिलो. ढग किंचित हलला आणि होता तिथेच राहिला.

"हे माह्या अंगातलं?"

"हो."

"म्हंजे वरण-दूध खाल्लेलं वाहून राह्यलं." मग हळू आवाजात, "बहिणीवानी?"

"बहिणीचं फार उशिरा कळलं. तुमचं आताशी सुरू झालंय."

ती उठली आणि थेट घरात गेली. मला वाटले, रडायला. ती बाहेर आली ती कमरदुखीच्या गोळ्यांचे पाकीट घेऊन. वेचणीच्या दिवसांत ती रोज त्या घेत असे. "ह्या बंद करा लागंन, नाही काय? बहिणीलेबी तेच सांगतलं होतं." मी होकारार्थी मान हलवली; त्या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात. मग पाण्याचा विषय निघाला. शेतात आडोसा नाही, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गडी माणसे. म्हणून बायका दिवसभर घोटभरच पीत. पाहुण्यासाठी तांब्या तांब्या पिणाऱ्या त्याच बायका.

औषधे सुरू झाली. त्या पहाटेनंतर गावातले सारे नमुने आम्ही नव्याने घेतले, आणि आणखी काही पट्ट्या हिरव्या झाल्या.

पुढच्या वेचणीला मी पुन्हा गेले. शेताच्या मधोमध बल्ल्या रोवून जुन्या लुगड्यांचा आडोसा केला होता आणि त्याच्या सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची कॅन. ती कमरेला कापसाची ओटी बांधून तशीच धुऱ्यावर आली. तिने सकाळची बाटली आठवणीने जपून ठेवली होती.

"शिळं हाय," ती म्हणाली. "एकदम शिळं."

मी नळी दिव्यावर धरली, थेंब सोडला. वाट पाहिली. ढग आला नाही. पाण्याच्या माथ्यावर फक्त एक पुसट सावली उमटली, आरशावर श्वास सोडावा इतकी. सैल झालेली वीण एवढी घट्ट होते, हे मी संशोधनातून जाणत होते. डोळ्यांसमोर पाहताना मात्र मी दिवा विझवायचेच विसरले.

"थोडं राह्यलंच की," ती नळीत पाहत म्हणाली.

"थोडं राहतं. लक्ष ठेवावं लागेल."

तिने ओटीतला कापूस सारखा केला आणि आपल्या ओळीकडे वळली.

"राहू द्या तेवढं. नाही तं तुमी कायले येसान?"