घोडीसारख्या हिरड्या

टिंचरचा वास आला, की मला माझं नवं लग्न आठवतं. हे बालाघाटला जनावरांचे डॉक्टर. काट्याने माझा पाय सुजला, ताप चढला, तरी मी शहाणी सणाला माहेरी जायची ट्रंक भरत होते. आदल्याच आठवड्यात खुरात खिळा रुतलेली घोडी हिरड्या जांभळ्या पडून यांच्यासमोर मेली होती. यांनी घोडीचा करावा तसाच माझा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "काहून जी?" "काही नाही. चाल, तुले माहेरी नेतो." मी गजरा माळून टांग्यात बसले, टांगा थेट सरकारी दवाखान्यात! तिथल्या डॉक्टरला हे म्हणाले, "घोडीच्याही जखमेचं विष असंच रक्तात भिनलं होतं." इंजेक्शनांपेक्षा थाप जास्त टोचली. जगले खरी, पण अजून हे "चाल, फिरून येऊ" म्हणाले, की मी चप्पल घालायच्या आधी विचारते, "कुठं जी?"