होपफुली, उद्या

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी माझे मामा बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात वारले. ते गुंजी गावचे शेतकरी. न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर होते.

आदल्या दुपारी डॉक्टर बाहेर आले. कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलत होते. ‘होपफुली, उद्या नळी काढू,’ अशा अर्थाचे काही बोलून ते लिफ्टकडे गेले. मामीने मुलाकडे पाहिले. मामेभाऊ मच्छे गावातल्या कारखान्यात सुपरवायझर आहे. घरात इंग्रजी त्याचेच चालते.

“उद्या नळी काढणार म्हंत्यात,” तो म्हणाला.

मी सांगितले, काढणार असे डॉक्टर म्हणालेले नाहीत. तशी आशा आहे, एवढेच म्हणाले. आमच्या वृत्तपत्रात ‘होपफुली’ हा शब्द बातमीत आला तर कापतात. आशा नेमकी कोणाला आहे, हे त्यातून कळत नाही.

“तू पेपरवाला. माणूस मेल्याबिगर तुझी बातमी हुईत न्हाय,” भाऊ म्हणाला. मामी पदराने चष्मा पुसत राहिली.

तेवढ्यात मामेबहिणीचा फोन आला. ती वास्कोला सासरी असते. निघू का, असे विचारत होती. आमच्याकडे सासरी असलेल्या लेकीला आईबापाचे वाईट फोनवर सांगत नाहीत. ती उंबऱ्यात आली की मग सांगतात. मामीने भावाला हाताने खूण केली.

“कशाला पळत येतीस गं?” तो म्हणाला. “उद्या नळी काढणार हाईत. घरात आणल्यावर ये, आप्पांसंगं निवांत बोल.”

तिने भरलेली पिशवी पुन्हा कपाटात ठेवली. हे तिने नंतर सांगितले.

मंगळवारीही तिला खरे कळवले नाही. रडत प्रवास नको, म्हणून ‘आप्पांना घरात आणलंय, आठवण काढत्यात, ये’ एवढाच निरोप गेला. तिने खासगी गाडी केली नाही, नेहमीची रेल्वे धरली. लोंढ्याला रेल्वे बराच वेळ थांबून राहिली. भावकीने दिवस मावळेपर्यंत तिची वाट पाहिली. अंधार पडल्यावर आमच्याकडे अग्नी देत नाहीत.

ती गुंजी स्टेशनवर उतरली तेव्हा लोक नदीवरून परतले होते. पिशवीत वडिलांसाठी घेतलेला स्वेटर होता.

रक्षाविसर्जनानंतर तिने भावाला विचारले, डॉक्टर नेमके काय म्हणाले होते?

“होपफुली, उद्या नळी काढू,” तो म्हणाला.

पहिला शब्द तिने त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतला. दुसऱ्या दिवशी ती वास्कोला परत गेली. स्वेटर मामीकडे आहे.