जाऊबाईंची नवीन भरती

भोंगा हे काही तिचं जन्माचं नाव नव्हे. फ्रिजच्या कारखान्यात लाइनच्या खडखडाटातही तिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, म्हणून सगळे तिला भोंगाच म्हणत. नवराही म्हणे, पण ती आंघोळीला गेल्यावर.

तिला कारखान्यात आणलं थोरल्या जावेनं. फ्रिजच्या दाराला रबर बसवायलाही तिनंच शिकवलं. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, अंगठ्यानं दाबत जायचं, ओढायचं नाही. ओढलं की जाऊ हातावर चापटी मारायची. "अगं, च्युइंगम आहे का ते?"

कारखान्याची पद्धतच तशी. नवीन माणसानं पहिला आठवडा जुन्याच्या हाताखाली काढायचा. कायम कामगाराचा शर्ट निळा, ठेकेदाराच्या माणसाचा पिवळा. आता मात्र निळ्यांना एकेक करून ऑफिसात बोलावणं येऊ लागलं होतं. आज राजीनामा द्या, उद्या ठेकेदाराकडून त्याच जागेवर या, कमी पगारात, अकरा महिन्यांच्या करारावर. नाही म्हणेल त्याची रवानगी लोडिंगला, खोकी उचलायला. जावेचे गुडघे कधीच कामातून गेले होते. तिनं सही केली.

आणि सोमवारी ती पिवळ्या शर्टात येऊन उभी राहिली.

"भोंगा, ही नवीन भरती," सुपरवायझर म्हणाला. "काम शिकव."

"कुणाला?"

"हिला."

"साहेब, शुद्धीवर आहात ना? या माझ्या जाऊबाई! मला काम शिकवलं कुणी?"

"कागदावर नवीन आहे. पद्धत म्हणजे पद्धत."

भोंगानं कमरेवर हात ठेवले. "या हो, नवीन मुली! हे बघा, याला दार म्हणतात."

"अगंबाई!" जावेनं डोळे मोठे केले. "उघडतं का ते?"

"रबर कोपऱ्यापासून लावायचं. ओढायचं नाही."

"आणि ओढलं तर?"

भोंगानं तिच्या हातावर चापटी मारली, अगदी हलकी. सगळी लाइन खो खो हसली. जाऊही हसली. मग पाठ फिरवून बाहीला डोळे पुसायला लागली. निळ्यांपैकी पुढचं बोलावणं भोंगालाच होतं, त्याच संध्याकाळी.

दुपारी सरकारी पाहुणे आले. सुपरवायझर पुढे पुढे करत होता. "टिकाऊ वस्तूंच्या उद्योगात आपल्या राज्याचा रोजगार वाढतोय, साहेब. एकट्या आमच्याकडे चाळीस नवीन माणसं!"

पाहुणे जावेपाशी थांबले. "काय बाई, आवडलं का नवीन काम?"

"हो," जाऊ जमिनीकडे बघत म्हणाली.

भोंगाच्या हातातलं रबर खाली पडलं. "नवीन कसलं, साहेब? या कामावर यांचे केस पिकले! चाळीस आले म्हणून मोजताय, तर निळे किती गेले तेही मोजा. गेलेली आणि आलेली तीच माणसं आहेत, फक्त शर्ट बदललाय. या फ्रिजला दहा वर्षांची गॅरंटी देता. आम्हाला अकरा महिन्यांची!"

पार पॅकिंगपर्यंत ऐकू गेलं. पाहुण्यांनी जावेकडे बघितलं, मग तिच्या पिवळ्या शर्टाकडे. सुपरवायझर घाईघाईनं म्हणाला, "चहा घेऊ या ना, साहेब?"

संध्याकाळी ऑफिसात तोच सुपरवायझर, तोंड फुगवून. समोर टाइप केलेला राजीनामा.

"झाली ना हौस? कर आता सही. नाहीतर उद्यापासून लोडिंग."

"खोक्यात फ्रिजच असतो ना? ओळखीचा आहे माझ्या."

"जावेनं मुकाट्यानं केली. तू काय जगावेगळी आहेस?"

"त्यांचे गुडघे गेले तुमच्या लाइनवर. माझे अजून शाबूत आहेत." तिनं कागद सरकवला, त्याच्या चहाच्या कपाला टेकेपर्यंत. "मला नाही नवीन व्हायचं."

गेटबाहेर जाऊ ताटकळत उभी होती.

"केलीस?"

"नाही."

"मग लोडिंग?"

"लोडिंग."

"डोकं फिरलंय तुझं." जाऊ तरातरा चालायला लागली. चार पावलांवर थांबली. "खोकं उचलताना कमरेत वाकू नकोस. गुडघ्यात वाकायचं, खोकं पोटाशी धरायचं."

"म्हणजे, पुन्हा शिकवताय मला?"

"मग! तिथे नवीन तूच की. आठवडाभर माझ्या हाताखाली."

"चालेल, जाऊबाई. पण शर्ट निळाच!" भोंगा म्हणाली, आणि गेटवरचा वॉचमन स्टुलावरून दचकून उठला.