जवाचं पाणी

शहाद्याजवळच्या आमच्या गावात बाळंतिणीला पाणी देत नसत. म्हणजे अगदीच नाही असं नाही. ओवा-शेपा घालून उकळलेलं, तेही ओंजळभर. जास्त प्यायली की दूध पातळ होतं, बाळाला बाधतं, अशी सगळ्यांची खात्री. वैशाखाचं ऊन असलं तरी नियम तोच. सासूबाई माठाशेजारी ठाण मांडून बसायच्या. मी तोंडाची फटकळ, पण पहिलटकरीण. माझं कोण ऐकतंय?

मुलगी जेमतेम महिन्याची असेल. तिचे लंगोट कोरडेच राहू लागले. थेंबभर लघवी व्हायची आणि तेवढ्यासाठी पोर जिवाच्या आकांतानं किंचाळायची. अंगात ताप, दूध ओढायचंही सोडलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, बेंबीला हिंग लावला. गुण येईना तेव्हा त्यांनीच लेकाला गाडी जुंपायला लावली.

शहाद्याच्या डॉक्टरांनी पोरीचं पोट हलकेच दाबून पाहिलं. लघवीचा विकार झालाय, जिवावर बेतू शकतं, म्हणाले. थेंब थेंब पाजायला खारट औषध दिलं. मग मला विचारलं, "बाई, तुम्ही पाणी किती पिता?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. "ओंजळभर," त्यांनीच अभिमानानं सांगितलं.

डॉक्टर चिडले नाहीत. "लेकरू पाणी कुठून आणणार? आईकडूनच ना? जव उकळून, गाळून ते पाणी सुनेला द्या. मागेल तेवढं."

परतताना सासूबाई गाडीत माझ्याकडे पाठ करून बसल्या. मला वाटलं, झालं, आता औषधही उकिरड्यावर जाणार. पण घरी येताच त्यांनी चुलीवर जव चढवले, पाणी गाळून निववलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला. "पी," म्हणाल्या. मी अधाशासारखी प्यायले. मग पुन्हा मागितलं, पुन्हा मिळालं.

पोरीला औषध चालूच होतं. हळूहळू ती दूध ओढू लागली. एका दुपारी ती आजीच्या मांडीवर होती. रडली नाही, नुसती आढ्याकडे टकमक बघत होती, आणि सासूबाईंच्या लुगड्यावर ओल पसरत गेली. मी थक्क होऊन बघतच राहिले. माझ्या घशाखाली उतरलेलं पाणी माझ्याच अंगात दूध झालं, तिच्या इवल्याशा पोटात गेलं, आणि आता हे असं बाहेर आलं. माझ्या अंगात एवढं काही चालतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गुण औषधाचा की पाण्याचा, मला आजही सांगता येणार नाही. हात जोडावेसे वाटले, पण कुणाला ते कळेना.

लुगडं बदलायला उठतील म्हणून मी पोरीला घ्यायला गेले. सासूबाईंनी दिली नाही. ओल्या लुगड्यानिशी तशाच बसून राहिल्या. त्यांची पहिली दोन बाळं अशीच, भर उन्हाळ्यात, किंचाळत किंचाळत गेली होती, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माले बी कोनी पानी दिन्हं नही, माय."