सतरा नंबरचा नमुना

पूर्णिमा मोघे तशी भित्री नव्हती. इंदूरच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. पण २००४च्या मार्चात, भर दुपारी कॉम्प्युटरसमोर बसलेली असताना तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

बंद पडलेल्या एका कापड मिलच्या जुन्या कामगारांचं रक्त शिबिरात घेतलेलं होतं. वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या कापसाच्या धुळीने पेशींतली कोणती जनुकं जागी होतात, कोणती निजतात, ते मायक्रोअॅरे नावाच्या चाचणीने पाहिलं होतं. आता तो डेटा, जगात कोणालाही पाहता येईल अशा सार्वजनिक भांडारात जमा करायचा होता. नावं जाणार नव्हती. नंबर, वय, स्त्री की पुरुष, काम, एवढंच. हा तक्ता पूर्णिमाकडे होता.

गाडी सतरा नंबरवर अडली. तक्त्यात पुरुष, पण फक्त बायकांच्या पेशींत जागं असणारं एक जनुक इथे चांगलं जागं होतं. नळी बदलली असेल म्हणून तिने शिबिराचं रजिस्टर काढलं. नाव होतं कृष्णराव मुळे, स्पिनिंग खातं.

कृष्णराव तिच्या वडिलांचे दोस्त. शहाण्णव साली वारले. त्यांच्या तेराव्याला ती स्वतः जेवली होती. रक्त घेतल्याची तारीख मात्र गेल्या नोव्हेंबरची होती.

"सर, हा माणूस जिवंत नाहीये," तिने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, उदयसिंह सरांना सांगितलं.

"क्लेरिकल मिस्टेक होगी. सॅम्पल हटा दो."

तिने हटवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नंदानगरला, मिल कामगारांच्या वस्तीत गेली. तिथे कृष्णरावांची बायको गंगूबाई एकटी राहायची. पूर्णिमा ओट्यावर चढली आणि थबकली. आतून खोकला आला. दोन तोकडे, मग एक लांब, ओढलेला. लहानपणी संध्याकाळी हाच खोकला कृष्णरावांच्या आधी तिच्या घरच्या दारात पोचायचा.

दार गंगूबाईंनी उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मीच गेले होते शिबिरात, बेटा," त्या म्हणाल्या. "मिलचं कार्ड मागितलं, ह्यांचं दिलं. माणसांची भीड इतकी, कोणी तोंड वर करून पाहिलंच नाही. मला जाँच पाहिजे होती. हे गेले आणि ह्यांचा खोकला मला लागला."

"काकू, तुम्ही कधी मिलमध्ये होतात?"

"फाटकाच्या आत पण नाही गेले."

खाटेवर जाड रजाई होती. मिलमधल्या रद्दी कापसाची, कृष्णरावांनी भरून घेतलेली. पूर्णिमाने तिच्यावर हात ठेवला, उचलला, तर तळहात कापसाच्या धुळीने पांढराफटक.

"काकू, ही टाकून द्या."

"दिली होती एकदा. आठ दिवस खोकला बंद. घर इतकं सुनं पडलं की परत आणली."

पूर्णिमाने त्यांना डॉक्टरकडे नेलं, नमुना वापरायला त्यांची सही घेतली, सरांशी दोन दिवस हुज्जत घातली आणि शेवटी तक्ता सुधारला: स्त्री, वय बासष्ट, मिलमध्ये काम नाही. एप्रिलात डेटा जमा झाला. गंगूबाई डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप नेमाने ओढत राहिल्या. रजाई काही गेली नाही.

दिवाळीच्या सुमारास एका परदेशी संशोधकाचा ई-मेल आला. सतरा नंबरचा नमुना, तीस वर्षं स्पिनिंगमध्ये काढलेल्या पुरुषांसारखाच दिसतो, असं त्याने लिहिलं होतं. ही बाई मिलमध्ये नक्की नव्हती ना?

पूर्णिमाने उत्तरात 'नक्की नव्हती' एवढंच लिहिलं, आणि रजाईचा उल्लेख न करता ते पाठवून दिलं.