नुसतं उभं राहायला शिकवणाऱ्या मावशी

लेकीच्या बाळंतपणाला दहा दिवस उरले असताना मी लोखंडी कपाटाच्या आधाराने खाली डोकं, वर पाय करायला गेले आणि मानेचे बारा वाजवून घेतले. वय वर्षं बावन्न. अक्कल अदमासे बारा. बँकेत संगणक आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्ती आली आणि इतकी वर्षं खिडकीपलीकडच्या रांगेवर खेकसण्यात खर्ची पडणारी माझी ताकद एकदम मोकळी झाली. लेक खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची. ती तीन महिन्यांनी कामावर गेली की बाळ माझ्याकडे राहणार होतं. त्याला कडेवर घेऊन गावभर मिरवायला अंगात जोर हवा, म्हणून मी योगाला लागले.

आणि लागले ती कुणाकडे, तर अख्ख्या पुण्यातल्या सर्वांत सावकाश बाईकडे. माझ्या थोरल्या जावेच्या त्या मावशी, म्हणून आमच्याही मावशी. कसब्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला त्यांचा वर्ग भरे. मुहूर्ताच्या दिवशी सुट्टी. आदल्या दिवशी कार्य झालेलं असलं की शिळ्या मसालेभाताच्या वासात शवासन. हॉलमधलं घड्याळ मावशी आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून ठेवत. शिष्य पंधरा वर्षांचा असला तरी त्याला अहो-जाहो करत आणि त्याच आदराने त्याची सालं काढत. एकदा एक आयटीवाला तरुण पुढे वाकून घामाघूम होत म्हणाला, "मॅडम, अंगठ्याला हात कधी लागेल? एक्झॅक्ट टाइमलाइन सांगा ना." मावशी म्हणाल्या, "का हो, अंगठा कुठे बदलून चाललाय का?" कुणी जोर करून अंग ताणायला लागलं की लगेच, "अहो, तुम्ही काय कपडे वाळत घालायची दोरी आहात?" शवासन शिकवताना त्या स्वतः आडव्या होत आणि पाच मिनिटांत खुशाल घोरायला लागत. ते घोरणं थांबेपर्यंत उठायचं नाही, असा वर्गाचा अलिखित नियम होता.

मला त्यांनी पहिले तीन आठवडे ताडासन दिलं. म्हणजे नुसतं उभं केलं. मी म्हटलं, "मावशी, उभी राहते की मी! बँकेच्या बससाठी जन्मभर राहिले." त्या म्हणाल्या, "तुम्ही उभ्या नाही, निघालेल्या आहात." मला हे भयंकर झोंबलं. बाळंतपण तोंडावर आलं होतं आणि ही बाई मला टाचांवर वजन टाकायला सांगत होती! शेवटी मी 'वीस दिवसांत शीर्षासन' अशी एक सीडी आणली आणि वीस दिवस कशाला, म्हणून दुसऱ्याच दिवशी पाय वर केले. क्षणभर ते गेलेही. मग कपाट वाजलं, मी वाजले आणि भाजी घेऊन आलेले आमचे हे दारातूनच म्हणाले, "काय पाडलंस?"

डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला आणि दोन महिने वजन उचलायला बंदी केली. "बाळ वजनात धरायचं का?" असं विचारलं, तर म्हणाले, "नाहीतर काय सिलिंडर उचलणार होतात?" आठव्या दिवशी नात झाली. घरातल्या बायका तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत आणि मी खुर्चीत ताठ मानेने बसून नुसत्या सूचना करी. रडली की ती विहीणबाईंच्या खांद्यावर गप्प व्हायची. हिला सगळ्यांचे खांदे ओळखीचे होणार, फक्त माझा सोडून, या विचाराने मी न्हाणीघरात जाऊन रडून यायची.

मावशींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती नात कॉलेजात जाते. मी शीर्षासनाच्या वाटेला परत गेले नाही. रोज सकाळी गॅलरीत नुसती उभी राहते, आणि हल्ली कुठे थोडं जमायला लागलंय. पण मी पडल्याच्या पंधराव्या दिवशी मावशी मला बघायला आल्या, ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. आधी त्यांनी कपाट नीट न्याहाळलं. "याला फार लागलं नाही ना?" मला हसू यायच्या ऐवजी रडूच फुटलं. म्हटलं, "मावशी, हिला घेता येत नाही हो मला." त्यांनी मला पलंगावर उताणं निजवलं, गुडघ्यांखाली उशी सारली, लेकीच्या हातून बाळ घेतलं आणि अलगद माझ्या छातीवर ठेवलं. ते एवढंसं गरम गाठोडं माझ्या श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागलं. मावशी खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "हिला मान धरायला तीन महिने लागतील. त्याबद्दल तिची काही तक्रार दिसत नाही. शिका दोघी बरोबरच."